१८२ रुपये कमी पडले, २,२२६ गेले. भांडू कोणाशी?

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. पगार जिल्हा मध्यवर्ती बँकेत होतो. जिल्हा सांगत नाही, कारण ही बँक जिल्ह्याला एकच असते. जिल्हा सांगितला की बँकेचं नाव सांगितल्यातच जमा. घराचं कर्ज एका गृहवित्त कंपनीचं. आणि हप्ता कापला जातो तिसरीकडूनच, एका खाजगी बँकेतल्या खात्यातून. कर्ज घेताना एजंट म्हणाला, नॅच (हप्ता खात्यातून आपोआप कापायची परवानगी) याच खात्यावर लावा, पटकन मंजूर होतं. मी सही केली. तेव्हापासून दर महिन्याला पैसे इकडून तिकडे ढकलायचं काम माझ्याकडे.

हप्ता १८,४३२ रुपये, तारीख ५. जानेवारीचा पगार यंदा (२०२६) ४ फेब्रुवारीला, बुधवारी दुपारी जमा झाला. शेवटचे दोन तास सहशिक्षकाच्या गळ्यात घातले, मोटारसायकल काढली आणि ३:४० ला काउंटरवर एनईएफटीची (एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायची) स्लिप दिली. १८,५०० रुपये. ३:५२ ला खात्यातून रक्कम गेल्याचा मेसेज आला. मी निवांत घरी. एनईएफटी आता चोवीस तास चालतं, अर्ध्या तासाला एक बॅच, एवढं मला ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत पोचेल म्हटलं.

५ तारखेला सकाळी ९:१८ ला, हजेरी घेत असताना, मेसेज: हप्ता परत गेला, पुरेशी शिल्लक नाही. आणि ११:२६ ला दुसरा मेसेज: १८,५०० जमा. दोन तास आठ मिनिटं!

इथवर तरी नशीब म्हणून सोडून दिलं असतं. खरी गंमत पुढे आहे. खाजगी खात्यात आधीचे ३४० रुपये होते. बाऊन्सचा आकार ५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९०. त्यांनी ३४० लगेच उचलले आणि उरलेल्या २५० साठी टपून बसले. एनईएफटी आलं तसे तेही घेतले. शिल्लक १८,२५०. मला पत्ताच नाही. सोमवारी ९ तारखेला कंपनीने हप्ता पुन्हा टाकला, १८,४३२. कमी पडले १८२. पुन्हा बाऊन्स, पुन्हा ५९०. कंपनीने आपल्या बाजूने दोन वेळचे पाचशे-पाचशे लावले, वर उशिराचा दंड ४६ रुपये. शेवटी १० तारखेला कंपनीच्या लिंकवरून हप्ता भरून टाकला.

एकूण २,२२६. पाचवीच्या वर्गाला शाब्दिक उदाहरण म्हणून घालावं असं आहे.

खाजगी बँक म्हणते, सिस्टीमने घेतलंय, आमच्या हातात काही नाही. कंपनी म्हणते, तुमच्या बँकेने परत पाठवलं, आम्ही काय करणार. आमच्या शाखेतले म्हणतात, गुरुजी, आम्ही त्याच दिवशी खात्यातून काढलेत, बघा मेसेज. तिघंही आपापल्या जागी बरोबर आणि पैसे माझे गेले. यातलं काही परत मिळतं का? आणि अर्ज नेमका कोणाला करू?

लोकल८१२

राग मानू नका, पण हप्त्याच्या आदल्या दिवशी दुपारी पैसे टाकणं म्हणजे गाडी सुटताना फलाटावर पळणं. चार दिवस आधी टाकायचे होते.

खडूफळा

चार दिवस आधी कुठून टाकू साहेब? पगारच ४ तारखेला आला. ते ३४० होते म्हणून खात्यात काहीतरी होतं!

निवृत्त_चेकर

गुरुजी, मी नागरी सहकारी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ एनईएफटीच्या टेबलावर. तुमच्या १८,५०० रुपयांनी ती रात्र कुठे काढली ते मी सांगतो.

अनेक सहकारी बँका एनईएफटीत थेट सभासद नसतात. त्या दुसऱ्या मोठ्या बँकेच्या आधाराने चालतात, तिला प्रायोजक बँक म्हणतात. तुम्ही स्लिप दिलीत की क्लार्क एंट्री मारतो, तिथेच तुमच्या खात्यातून रक्कम कमी होते आणि मेसेज येतो. पण ती अजून बँकेबाहेर पडलेली नसते. मग अधिकारी, म्हणजे चेकर, ती पास करतो. मग मुख्य कार्यालय सगळ्या शाखांच्या एंट्र्या गोळा करून प्रायोजक बँकेकडे पाठवतं. आमच्याकडे साडेतीननंतर आलेल्या स्लिपांचा गठ्ठा दुसऱ्या दिवशी सकाळी उघडायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं, ग्राहकाला सोडून. रिझर्व्ह बँकेने १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास केलं, पण आमचा चेकर सव्वापाचच्या एसटीने घरी जायचा.

आता पुरावा. खाजगी बँकेच्या स्टेटमेंटमध्ये त्या जमेसमोर यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा क्रमांक) असेल. अनेक बँका त्यात सालाचे दोन आकडे आणि वर्षातला कितवा दिवस त्याचे तीन आकडे घालतात. ४ फेब्रुवारी म्हणजे ०३५, ५ फेब्रुवारी म्हणजे ०३६. काही बँकांत आधी दिवस, मग साल. बघून सांगा.

खडूफळा

बघितलं. बँकेची चार अक्षरं, एक आकडा, आणि पुढे २६०३६. म्हणजे ३:५२ ला माझ्या खात्यातून गेलेले पैसे ५ तारीख उजाडेपर्यंत निघालेच नव्हते?

निवृत्त_चेकर

निघालेच नव्हते. संध्याकाळी निघाले असते तर ०३५ दिसला असता. खाजगी बँकेचा इथे दोष नाही. बॅच सेटल झाल्यापासून दोन तासांत जमा करायचे असतात, तेवढ्यात त्यांनी केले असणार. पहिल्या बाऊन्सचं कारण तुमच्याच शाखेत आहे. तिथे अर्ज द्या, पण 'पैसे उशिरा पोचले' असं मोघम लिहू नका. लिहा: '४ तारखेला १५:५२ वाजता खात्यातून वजा, यूटीआरप्रमाणे ५ तारखेला रवाना, मधल्या काळात रक्कम कोणाकडे व का होती याचा लेखी खुलासा व्हावा.' 'कोणाकडे होती' या दोन शब्दांचं उत्तर लेखी द्यायला कुठल्याही शाखाधिकाऱ्याला आवडत नाही. स्लिपची कार्बन प्रत आहे ना? तिच्यावर शिक्का आणि वेळ आहे का?

एक गमतीचा हिशोब. एनईएफटी जमा करायला घेणाऱ्या बँकेने उशीर केला तर रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) अधिक २ टक्के व्याज द्यावं लागतं. रेपो त्या दिवशी सव्वापाच होता, म्हणजे सव्वासात टक्के. तुमच्या बाबतीत तो नियम तसाही लागत नाही, पण लागला असता तरी १८,५०० वर एका दिवसाचे ३ रुपये ६७ पैसे होतात. तेव्हा नियमाची भरपाई मागू नका, झालेलं नुकसान मागा.

खडूफळा

कार्बन प्रत आहे. शिक्का आहे, तारीख आहे, वेळ नाही. पण वेळ मेसेजमध्ये आहे. तीन रुपये सदुसष्ट पैशांवर सौ. पंधरा मिनिटं हसत होती.

हप्तेवाली

गुरुजी, मी पुण्यात एका कर्ज कंपनीच्या बॅक ऑफिसला आहे (तुमची नाही), त्यामुळे नाव असं घेतलंय, गैरसमज नको.

दुसऱ्या बाऊन्सबद्दल बोलू या, कारण तुमची बाजू तिथे सर्वात भक्कम आहे आणि तुम्ही त्यावर कमी लिहिलंय. ५ तारखेला ११:२६ नंतर तुमच्या खात्यात हप्त्यापुरते पैसे होते: ३४० अधिक १८,५००. बँकेने स्वतःचा आकार आधी वसूल केला म्हणून १८२ कमी पडले. म्हणजे बँकेच्या आकारामुळे बाऊन्स झाला आणि त्या बाऊन्सवर बँकेने पुन्हा आकार घेतला. हे एवढंच वाक्य आणि चार ओळींचा हिशोब ईमेलने पाठवा. फोन करू नका, कॉल सेंटरवर 'सिस्टीम' यापलीकडे वाक्य नसतं. आधी तक्रार विभाग, मग नोडल अधिकारी (बँकेने तक्रारींसाठी नेमलेला वरचा अधिकारी). पहिले ५९० सोडा असं म्हणत नाही, पण ते सौजन्य म्हणून मागा. दुसरे ५९० हक्काने मागा. दोन्ही एका सुरात मागितलेत तर दोन्हीला एकच नकार येतो.

कंपनीकडे दोन प्रश्न. एक, ९ तारखेला पुन्हा टाकणार हे तुम्हाला आधी कळवलं होतं का? आमच्याकडे पुन्हा टाकायच्या तारखा ठरलेल्या असतात आणि फाइल आदल्या दिवशीच जाते. ग्राहकाने 'मी लिंकवरून भरतोय, पुन्हा टाकू नका' असं वेळेत लिहून कळवलं तर थांबवता येतं. दोन, ते ४६ रुपये कर्ज खात्यात कुठल्या नावाने आहेत? दंडव्याज म्हणून असतील तर विचारा. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानंतर दंड हा आकार म्हणून घ्यायचा, व्याजदरात मिसळायचा नाही आणि त्यावर पुढे व्याज चढवायचं नाही. गृहवित्त कंपन्यांनाही ते लागू आहे. शिवाय त्या ४६ वर जीएसटी लावला असेल तर तोही चूक; कर्जाच्या अटी मोडल्याच्या दंडावर जीएसटी नाही, हा खुलासा जानेवारी २०२५ मध्ये आला.

खडूफळा

कळवलं होतं का? ५ तारखेला मीच फोन केला होता. ताई म्हणाल्या, 'सर, खात्यात बॅलन्स ठेवा, आम्ही परत लावू.' तारीख सांगितली नाही. मी बॅलन्स ठेवला होता हो. बँकेने खाल्ला.

४६ रुपये 'पीनल चार्जेस' नावाने आहेत, जीएसटी नाही. तेवढं त्यांनी नीट केलंय.

लोकल८१२

आधीचं बोलणं मागे घेतो गुरुजी. मला वाटलं होतं आळस. ओम्बड्समनकडे (रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे) जा सरळ.

निवृत्त_चेकर

सरळ जाता येत नाही. आधी संबंधित बँकेकडे लेखी तक्रार; तिने नाकारली, उत्तर पटलं नाही किंवा ३० दिवस गप्प बसली तरच रिझर्व्ह बँकेचं तक्रार पोर्टल. फी नाही, वकील लागत नाही. आणि एक गोष्ट फार जणांना ठाऊक नाही: जिल्हा मध्यवर्ती बँका आधी या लोकपाल योजनेत नव्हत्याच. १ नोव्हेंबर २०२५ पासून राज्य सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती बँका तिच्यात आल्या. तुमचं प्रकरण फेब्रुवारीतलं, म्हणजे बसतं. मागच्या वर्षी फेब्रुवारीतलं असतं तर मी तुम्हाला फक्त चहा पाजला असता.

हप्तेवाली

काकांच्या बोलण्याला जोड: गृहवित्त कंपनीची तक्रार मात्र तिथे चालत नाही. ती नॅशनल हाउसिंग बँकेच्या 'ग्रिड्स' पोर्टलवर. तीन संस्था, तीन अर्ज. एका कागदावर तिघांची नावं घातलीत तर प्रत्येक जण उरलेल्या दोघांकडे बोट दाखवेल.

आणि सिबिलची (तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीची) काळजी करत असाल तर: १ जानेवारी २०२५ पासून माहिती पंधरवड्याला जायला लागली. तुम्ही १० ला भरलंत, तेही लिहून मागून घ्या. पुढच्या महिन्यात वर्षाचा एक फुकटचा रिपोर्ट काढून डोळ्यांनी बघा. हप्त्याची तारीख ५ वरून १० करून मागा. शिक्षकांच्या बाबतीत आमच्याकडे करतात.

खडूफळा

मंडळी, काय झालं ते सांगतो.

खाजगी बँकेला ईमेल केला, हप्तेवाली मॅडमनी सांगितला तसा, खाली हिशोब:
३४० + १८,५०० = १८,८४०
१८,८४० − ५९० = १८,२५०
हप्ता १८,४३२
कमी १८२
सहाव्या दिवशी दुसरे ५९० परत आले. सोबत दोन ओळींचं उत्तर, 'एक वेळची सवलत म्हणून'. हक्काने मागितलं तेही सवलत म्हणूनच देतात, असू दे. पहिले ५९० नाकारले.

कंपनीने दुसऱ्या वेळचे ५०० परत केले. तारीख १० करायला नवीन नॅच फॉर्म भरावा लागणार आहे. सही बँकेतल्या सहीशी जुळायला हवी. माझी सही गेल्या वीस वर्षांत वळणाने बदलली आहे, त्यामुळे ते एक वेगळंच प्रकरण होईल.

म्हणजे १,०९० आले. राहिले १,१३६.

२४ तारखेला शाखेत अर्ज घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलाने वाचला, 'कोणाकडे व का होती' यावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं, आणि अर्ज आत घेऊन गेला. माझाच विद्यार्थी आहे तो, २००९ च्या बॅचचा. पाच मिनिटांनी शाखाधिकारी बाहेर आले. गुरुजी, बसा, चहा घ्या, एवढ्यासाठी अर्ज कशाला, पुढच्या वेळी सकाळी या, मी स्वतः पास करतो. मी म्हटलं, चहा घेतो, पण आवक नंबर द्या.

ते म्हणाले, आवक करणारा रजेवर आहे. मी म्हटलं, मग त्यांच्या खुर्चीवर बसून तुम्हीच शिक्का मारा, मी वर्गात अनेकदा दुसऱ्याचा तास घेतो. पोरगं खाली मान घालून हसलं आणि त्यानेच रजिस्टर पुढे सरकवलं. आवक क्रमांक २१४, दिनांक २४/०२/२०२६, मागणी १,१३६ रुपये. काका, तीस दिवस २६ मार्चला भरतात ना?

निवृत्त_चेकर

२६ लाच. २७ ला सकाळी इथे लिहा, पोर्टलवर काय भरायचं ते सांगतो. पोचपावतीचा फोटो आजच काढून ठेवा, शिक्क्याची शाई फार लवकर उडते.