स्पर्धेतला न विसरलेला डाव : तुमचे अनुभव लिहा

परवा दादरला मुलीची बुद्धिबळाची स्पर्धा होती. पालकांना हॉलमध्ये सोडत नाहीत, त्यामुळे तीन तास जिन्यावर बसून होते. दार उघडलं की निकाल विचारायच्या आधी आम्ही आया पोरांचे चेहरेच बघतो. तुमचा, मुलांचा, जिंकलेला, हरलेला, कुठलाही डाव लिहा.

अकरावी, मुलुंड
अंडर-१३ स्पर्धा, नववी म्हणजे शेवटची फेरी. समोर नऊ वर्षांची मुलगी, खुर्चीवर गुडघे टेकून बसलेली. तिच्याकडे नुसता राजा, ए८ च्या कोपऱ्यात. माझा वजीर डी६ वर. तो डी७ वर नेऊन कोपरा बंद करायचा, मग सावकाश आपला राजा जवळ आणायचा. एकट्या वजिराने मात होत नाही, हे मला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. घाईत मी वजीर बी६ वर ठेवला आणि घड्याळ दाबलं. ती बराच वेळ राजाला घर शोधत होती. मग तिने घड्याळ थांबवून हात वर केला. पंच आले तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं : शह नाही, पण राजाला जायला घरही नाही. स्टेलमेट, म्हणजे डाव बरोबरीत. अर्धा गुण गेला. लोकलमध्ये मी बाबांशी मुलुंड येईपर्यंत बोललो नाही.

एक बाबा, बोरिवली
लेकीने उंटाला हात लावला आणि त्याच क्षणी तिला दिसलं की घोडा हलवायला हवा होता. पण स्पर्धेत हात लावलेला मोहराच हलवावा लागतो. समोरचा मुलगा चाली लिहीत होता, त्याने पाहिलं नव्हतं. तिने उंटच हलवला आणि हरली. हे तिने घरी जेवताना सांगितलं. मला फार अभिमान वाटला, अजून वाटतो.

आजी, गिरगाव
आमच्या वेळी मुलींना ‘पत्ते-पट कसले खेळता’ म्हणून ओरडा बसायचा. १९८१ मध्ये आपल्या मुंबईची रोहिणी खाडिलकर आशियाई विजेती झाली आणि माझ्या वडिलांनी स्वतःहून पट आणून दिला. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा नातीला मांडीवर घेऊन टायब्रेक, म्हणजे बरोबरी फोडणारे डाव, पाहिले.

धागाकर्ती
मुलुंडच्या दादा, ती मुलगी पुन्हा भेटली का?

अकरावी, मुलुंड
हो काकू, गेल्या वर्षी. बरोबरी झाली. नंतर जिन्यावर पट मांडून आम्ही सगळा डाव परत खेळलो. आता ती खुर्चीवर नीट बसते.