मदत हवी आहे: आजीच्या शब्दांची वही ११४९ वर अडली, पुन्हा सुरू कशी करू?

बोरीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

प्रश्न किरकोळ वाटेल, पण चार महिने डोक्यात भुंगा घालतोय, म्हणून शेवटी इथे टाकतो.

मी अमळनेरचा. वय ३९, कृषी सेवा केंद्र चालवतो. माझी आजी (आम्ही मोठी माय म्हणतो) सध्या गावी असते, पारोळा तालुक्यात, बोरी नदीच्या काठाला. वय ८४ च्या आगंमागं. नक्की साल तिलाच माहीत नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत आमच्या अमळनेरला ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. मी साहित्यातला माणूस नाही, बियाण्या-खतातला. पण दारातच मांडव पडलाय म्हटल्यावर तिन्ही दिवस दुकान भावावर टाकून गेलो. परत येताना डोक्यात एकच गोष्ट: मोठी माय बोलते ते अहिराणी शब्द लिहून काढायचे. घरातले, वावरातले, गोठ्यातले. माझी पोरं 'घट्या' म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघतात. त्यांना जातंही माहीत नाही म्हणा, मिक्सर माहीत आहे.

त्यानंतरचं सव्वा वर्ष मी हे नुसतं लोकांना सांगत फिरलो. २०२५ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ३० एप्रिलला, वही आणली. आखाजी मुद्दाम धरली. आपल्याकडे सालदाराचं साल आखाजीपासून आखाजीपर्यंत असतं, तसं स्वतःलाच सालानं बांधून घेतलं. एका सालात ३००० शब्द. रोज दहा म्हटले तरी दहा महिन्यांत काम फत्ते.

आणि चाललं हो! पोळ्यापर्यंत ११४ दिवसांत ११४० शब्द झाले. कधी चार, कधी चाळीस, पण सरासरी चुकली नाही. पोळ्यानंतर आजपर्यंत किती? नऊ.

वेळ मिळत नाही असं म्हणायलाही तोंड नाही. जूनमध्ये दुकानात कापसाच्या पाकिटांसाठी रांग असते, जेवायला फुरसत नसते, तेव्हा वही रोज भरत होती. पितृपक्षात गिऱ्हाईक नव्हतं, काउंटरवर बसून माश्या मारत होतो, तेव्हा बंद पडली. याचा अर्थ मला लागत नाही. मोबाईलला रात्री साडेनऊचा गजर लावला. तो आता मी न बघता बंद करतो, अंगठ्याला सवय झालीय. हजार शब्द झाले तेव्हा हौसेनं स्टेटस ठेवलं होतं, त्याचा आता पस्तावा होतोय. फवारणीचं औषध घ्यायला आलेला माणूसही विचारतो, "काय भो, कुठवर आला कोश?" मी युरियाचा विषय काढतो.

वही गोदरेजच्या कपाटात आहे. कपाट उघडलं की दिसते, म्हणून हल्ली शर्ट बायकोला काढून द्यायला सांगतो. इथवर मजल गेली आहे.

ज्यांचं काही मधेच थांबलं आणि ज्यांनी ते परत उभं केलं, त्यांनी सांगा. उपदेश नको, काय केलं ते सांगा.

पहाटेचा_योद्धा

सकाळी ५ ला उठा, गार पाण्याने अंघोळ करा, ध्येय कागदावर लिहून आरशाला चिकटवा. २१ दिवसांत फरक पडेल. इच्छा तिथे मार्ग.

बोरीकाठ

भाऊ, पाचला मी उठतोच, दूधवाला येतो.

साइनऑफ_भुसावळ

मी रेल्वेत, रनिंग स्टाफ. बारावीवर लागलो. पस्तिशीत मुक्त विद्यापीठातून बीए करायला घेतलं. तीन वर्षांचं पाच वर्षांत केलं, त्यात एक वर्ष पूर्ण कोरडं. पुस्तकं उघडलीच नाहीत.

माझ्या ड्युटीला वेळ नसते. कधी रात्री दोनला बोलावणं, कधी दुपारी. त्यामुळे "रोज रात्री साडेनऊ" हा प्रकार माझ्याकडे चाललाच नसता. मी घड्याळ सोडलं आणि कामाला काम बांधलं. साइन ऑफ करून, म्हणजे ड्युटी संपवून, रनिंग रूममध्ये आलो की डबा उघडायच्या आधी दोन पानं. मग ते मनमाड असो की इगतपुरी, पहाट असो की संध्याकाळ. भूक लागलेली असते, त्यामुळे दोन पानं पटकन होतात, हा त्यातला खरा फायदा. कधीकधी दुसरं पान नुसतं डोळ्याखालून घातलं, खोटं कशाला बोलू.

कोरड्या वर्षानंतर परत सुरू केलं तेव्हा आधीचं भरून काढायचा नाद सोडला. तुम्ही आजही मनातल्या मनात ३००० चा हिशोब करत असाल. आखाजी २०२६ च्या १९ एप्रिलला आहे. तोवर १८५१ शब्द म्हणजे रोज सोळाच्या वर. हे गणित डोक्यात ठेवून कोण वही उघडेल?

बोरीकाठ

अगदी हेच गणित परवा बिलबुकाच्या मागे केलं होतं. सोळाच आलं. मग बिलबुक बंद केलं.

देवपूरकर (धुळे)

शिक्षक होतो, आता निवृत्त. योद्धा यांच्या २१ दिवसांबद्दल आधी बोलतो, कारण हा आकडा सगळीकडे फिरतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता. सवय अंगात मुरायला मधला आकडा निघाला ६६ दिवस, आणि माणसामाणसात फरक केवढा, तर १८ पासून २५४ पर्यंतचा अंदाज. त्यात असंही दिसलं की एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. अर्थात चार महिन्यांची सुट्टी त्यांनी धरली नव्हती!

दुसरं, तुमच्या स्टेटसबद्दल. पीटर गोलविट्झर हे मानसशास्त्रज्ञ. त्यांच्या २००९ च्या एका शोधनिबंधात असं दिसलं की "मला अमुक व्हायचंय" हा इरादा दुसऱ्यानं वाचला, त्याची दखल घेतली, की माणूस त्यासाठी उलट कमी राबतो. झाल्याचं अर्धं समाधान आधीच मिळून जातं. म्हणून कोश हा शब्द तोंडातून काढून टाका. तुम्ही कोशकार नाही, आजीचं बोलणं लिहिणारा नातू आहात. साइनऑफ यांची डब्याआधीची दोन पानंही याच गोलविट्झरांच्या दुसऱ्या कामात बसतात: "अमुक झालं की तमुक करीन" असं आधीच ठरवलेलं माणूस जास्त पाळतो. भुसावळच्या भाऊंनी ते न वाचता केलं.

केळीवाला_रावेर

सगळ्यांना वाटलं असेल, आता हा केळीचं उदाहरण देणार. लावणीपासून निसवणीपर्यंत धीर धरा वगैरे. नाही देत. मी स्वतः धीर धरलेला माणूस नाही, केळीवर सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला तेव्हा अर्धी बाग उपटून टाकली आणि आठ दिवस कुणाशी बोललो नाही.

मला एक शंका आहे. अहिराणीचे शब्दकोश तर आधीच निघालेत ना? मग तुमच्या वहीत वेगळं काय? हे वाईट अर्थानं विचारत नाही. पण हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल, तर वही बंद पडायला तेवढं कारण पुरतं.

बोरीकाठ

आला होता. ऑक्टोबरात एका ओळखीच्या माणसानं तोंडावरच म्हटलं, "हे सगळं छापून झालंय, कशाला शाई घालवतो." त्या दिवशी फार लागलं. पण खरं सांगू का, वही त्याच्या आधीच थांबली होती. त्याच्या बोलण्यानं मला फक्त निमित्त मिळालं.

माहेर_चोपडा

भाऊ, मी पुण्यात असते, माहेर चोपडा. मला बाकी कशापेक्षा ही पोळ्याची तारीख खटकतेय. २२ ऑगस्टपर्यंत ११४० आणि त्यानंतर एकदम नऊ? उत्साह आटतो तो हळूहळू. आधी आठ, मग पाच, मग दोन. तुमचं तर नळ बंद केल्यासारखं झालंय. पोळ्याला घरात काय घडलं?

बोरीकाठ

ताई, घडलं असं काही नाही. मोठी माय आखाजीला आमच्याकडे आली होती ती पोळ्याला गावी गेली, बैलांना पुरणपोळी तिच्याच हातची लागते म्हणून. मग तिकडेच राहिली. पण त्यानं काम अडायला नको होतं. मी रोज फोन करत होतो, सुरुवातीला तरी.

माहेर_चोपडा

अहो भाऊ!!

हे मूळ धाग्यात का नाही लिहिलं? साडेतीन महिने आजी तुमच्या घरात होती, ती गेली, शब्द थांबले, आणि तुम्ही आळसाचं औषध शोधताय?

बरं, आता सांगा, सगळ्यात जास्त शब्द कोणत्या दिवशी मिळाले? वहीत तारखा टाकल्या असतील तर बघून सांगा. (शर्ट बायकोलाच काढू द्या, वही तुम्ही काढा.)

बोरीकाठ

काढली. तारखा आहेत.

सगळ्यात जास्त ११ मे ला, ४१ शब्द. त्या दिवशी गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घातल्या होत्या. दुसरा नंबर कानबाईचा (आपल्याकडचा श्रावणातला देवीचा सण), नैवेद्याचे रोट झाले त्या दिवशी ३६. जूनमध्ये एक दिवस २२ आहेत, त्या दिवशी ती धान्य पाखडत होती आणि सुपावरून बायकोशी वाद झाला होता. निम्मे शब्द त्या वादातले आहेत, पोरांना दाखवता येणार नाहीत.

आणि फोनवरचे नऊ. त्यातले तीन आधीच लिहिलेले निघाले. म्हणजे खरे सहाच.

फोनवर मी विचारायचो, "मोठी माय, आज नवीन शब्द सांग." ती म्हणायची, "माले काय इचारस? सगळं तर बोलस मी." मला वाटायचं ती कंटाळली. मग मीही कंटाळलो.

देवपूरकर (धुळे)

ताईंनी बरोबर नस धरली. मी इथे मानसशास्त्र सांगत बसलो आणि साधा प्रश्न विचारला नाही, चाळीस वर्षं शिकवूनही.

असोद्याच्या बहिणाबाईंचं बघा ना. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरकाम करताना, वावरात राबताना त्या जे गात, ते मुलानं, सोपानदेवांनी, आणि एका मावसभावानं जमेल तसं टिपून ठेवलं. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या आणि पुस्तक १९५२ मध्ये आलं. त्यांना कुणी खुर्चीवर बसवून "आज एक नवीन कविता सांगा" म्हटलं असतं तर काय हाती लागलं असतं?

साइनऑफ_भुसावळ

सर, हे भारी. भाऊ, तुमचा डबा म्हणजे आजीच्या हातातलं काम. ते आधी, वही नंतर.

केळीवाला_रावेर

माझं म्हणणं मागे घेतो. सुपावरून झालेलं भांडण कोणत्याच शब्दकोशात नसेल. ते बावीस इथे टाका.

बोरीकाठ

टाकत नाही, बायकोही इथे वाचते.

दोन दिवस विचार करतोय. गावी ती दिवसभर खाटेवर असते, काकू तिला काही करू देत नाहीत, तिच्या काळजीपोटीच. कामच नाही तर बोलणार काय? आता रविवारी जातो. जाताना वही न्यावी की नको?

माहेर_चोपडा

नको. वही दिसली की आजी परीक्षेला बसल्यासारखी होईल. एखादी जुनी वस्तू तिच्यापुढे ठेवा आणि चुकीचं नाव घ्या. माझ्या आईवर हे हमखास चालतं, चूक दुरुस्त केल्याशिवाय तिला राहवतच नाही.

बोरीकाठ

मंडळी, काल जाऊन आलो.

वस्तू शोधायला माळ्यावर चढलो तर काही सापडेना, सगळं भंगारात गेलंय. खाली आलो तर मोठी माय म्हणाली, "काय धुंडी ऱ्हायना?" म्हटलं, तुझ्या वेळचं काहीतरी. ती म्हणाली, "वस्तू दखाड, मंग सांगसू." आता दाखवू काय? मग तिला हाताला धरून जुन्या विहिरीवर नेलं. घरापासून दोनशे पावलं, आम्हाला पाऊण तास लागला.

या विहिरीत मी पोहायला शिकलो. काठावर दगडी चौकोन आहे, त्याला आम्ही पोरं टाकी म्हणायचो. ताईंचं ऐकून मी मुद्दाम म्हटलं, "या टाकीत किती पाणी मावायचं?" ती थांबली. "टाकी?" असं म्हणून माझ्याकडे अशी बघितली की मी परत सात वर्षांचा झालो. थारोळं ते. मोट वर आली की त्यात रिकामी व्हायची. मोटेच्या तोंडाला नाडा, सोंडेला सोंदूर. आणि ज्या उतारावरून आम्ही सायकली सोडायचो ती धाव, बैल तिच्यावरून मोट ओढत खाली जायचे. आजोबा मोट हाकताना गायचे म्हणे. काय गायचे ते विचारलं तर म्हणाली, ते पुरुषांचं, मी नाही म्हणणार.

एकूण किती शब्द झाले ते मोजले नाहीत. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून खिशात ठेवला होता. रात्री ऐकायला बसलो तर निम्मं वाऱ्यानं खाल्लंय आणि उरलेल्यात माझ्या खिशातल्या चाव्या वाजतायत. पुढच्या वेळी मोबाईल काकूच्या हातात देणार. साडेनऊचा गजर काढून टाकला. आखाजीपर्यंत किती होतील ते होतील.

काकूला म्हटलं, उन्हं तापली की बिबड्यांना हिला हात लावू द्या. काकू काही बोलायच्या आत मोठी मायनंच मला ऑर्डर सोडली, "येतांना दादर लई ये." दादर म्हणजे बिबड्यांची ज्वारी, आणतो म्हटलं. तर म्हणे दुकानातली नको, दुकानदाराचा भरवसा नाही.

दुकानदार मीच.