पानओवा कुणी खुडला?

ए-१०२ काकी: नमस्कार. गच्चीवरचा माझा पानओवा आठवडाभर कमी कमी होत होता, आज सकाळी नुसते दांडे उरलेत. गवती चहाच्या वेळी मी गप्प बसले. आता नाही बसणार.

बी-३०४ आण्णा: *ओव्याचे ११ फायदे* गॅस, पित्त, कफ, दमा, शुगर, सांधे, केसगळती... पुढे पाठवा.

सी-२०१ दादा: आण्णा, काकी काय बोलत्यात आणि तुम्ही काय टाकताय

काकी: नातीला सर्दी झालीय, आठ महिन्यांची पोर. दोन पानं वाफवून रस मधातनं द्यावा म्हणून वर गेले तर हे.

ए-४०१ डॉक्टर ताई: काकी, वर्षाच्या आत मध अजिबात नको. बोटाला लावून चाटवायचाही नाही. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात, अंग लुळं पडतं. पानांचा रसही राहू द्या. नाक चोंदलं असेल तर सलाइनचे थेंब. दूध ओढत नसेल किंवा धाप लागत असेल तर लगेच दवाखान्यात न्या.

काकी: आमच्या सासूबाईंनी चारही पोरांना मधातनंच दिलं. कुणाला काय झालं नाही.

काकी: बरं. नाही देत. सूनबाई पण हेच म्हणत होत्या.

सेक्रेटरी: कृपया विषय भरकटू नये. गच्चीवरील कुंड्यांमुळे ४०२ च्या छताला ओल आली आहे. मागच्या मीटिंगपासून प्रलंबित.

काकी: माझ्या एका कुंडीनं ओल येते, आणि तुमच्या डिशला पाडलेल्या भोकांनी येत नाही का साहेब?

सी-२०१ दादा: पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट, पुराची इशारा पातळी गाठली. आणि आमच्यात ओल कुंडीमुळं. नाद खुळा!

आण्णा: *ओव्याचे ११ फायदे* गॅस, पित्त, कफ, दमा, शुगर...

डॉक्टर ताई: आण्णा, तुमचा मेसेज बियांच्या ओव्याचा आहे. तो जिऱ्या-कोथिंबिरीच्या कुळातला. पानओवा तुळशी-पुदिन्याच्या. वास तेवढा सारखा, कारण दोन्हींत थायमॉल असतं. घसा खवखवला, पोट फुगलं तर खा की, बरं वाटतं. शुगरची गोळी मात्र त्याच्या भरवशावर सोडायची नाही.

आण्णा: मी तर सोमवारपासनं बंद केलीय. रोज उपाशीपोटी दहा पानं चावतो. एकदम हलकं वाटतंय.

सी-२०१ दादा: कुणाची पानं आण्णा?

आण्णा: हा मेसेज डिलीट केला आहे

काकी: वाचलाय मी.

डॉक्टर ताई: आण्णा, ते राहू दे. आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करून गोळी बंद केल्याचं सांगा. आणि उद्या सकाळी काही न खाता खाली या, शुगर बघते.

काकी: मागितली असती तर रोपच दिलं असतं. टीचभर फांदी खोचली तरी फुटते. पाणी बेतानं घाला, ह्या पावसात कुजतंय. आडोशाला ठेवा.

सेक्रेटरी: गच्चीवर आणखी कुंडी नको.

काकी: साहेब, परवा आमच्याकडं भजी खाल्लीत ती कशाची होती?

सेक्रेटरी: ४०२ चा विषय पुढील मीटिंगमध्ये घेऊ.