जिल्हा सधन, मग सुरगाणा-पेठ 'मानव विकास' तालुके कसे?

गोदाकाठ:
द्राक्षं, कांदा, सातपूर-अंबडचे कारखाने. उत्पन्नात नाशिक जिल्हा मागे नाही. तरी सुरगाणा, पेठ मानव विकास कार्यक्रमात आहेत. उत्पन्नाबरोबर आरोग्य आणि शिक्षणही मोजायचं, ही मानव विकासाची कल्पना सरकारी निर्णयात नेमकी उतरते कुठे? जाणकारांनी सांगावं.

उंटवाडीकर:
जिल्ह्याची सरासरी बघाल तर फसाल. राज्याचं मानव विकास मिशन 2006 मध्ये 12 जिल्ह्यांसाठी सुरू झालं. 2011 मध्ये जिल्ह्याऐवजी तालुका धरला: 22 जिल्ह्यांतले 125 तालुके. निकष दोन, ग्रामीण स्त्री-साक्षरता आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांचं प्रमाण. त्यामुळे निफाडच्या बागांआड सुरगाणा झाकला गेला नाही. अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी संयुक्त राष्ट्रांच्या 1990 च्या पहिल्या मानव विकास अहवालात उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान आणि शिक्षण आणलं. तालुक्यात त्याचंच रूप म्हणजे शाळकरी मुलींसाठी निळी एसटी, सायकली, अभ्यासिका, गरोदर मातांची तपासणी शिबिरं आणि बुडीत मजुरी, म्हणजे गरोदरपणा-बाळंतपणात बुडालेल्या मजुरीची भरपाई.

आकडेमोड:
त्या अहवालातल्या मानव विकास निर्देशांकाचं गणितही बघा. आयुर्मान, शिक्षण, उत्पन्न हे तीन घटक, प्रत्येक 0 ते 1 मध्ये मोजतात. आयुर्मानाची मर्यादा 20 ते 85 वर्षं; 70 असेल तर 50 भागिले 65, म्हणजे 0.769. 2010 पासून तिन्ही घटकांचा भौमितिक मध्य (गुणाकाराचं घनमूळ) काढतात. दोन घटक 0.8 आणि एक 0.4 असेल तर साधी सरासरी 0.667 येते, भौमितिक 0.635. एका घटकातली पडझड दुसऱ्याने पुरती भरून निघत नाही. तालुक्याला मात्र हे सूत्र जसंच्या तसं लावता येत नाही, कारण नमुना नोंदणीतून (निवडक गावं-वस्त्यांतल्या जन्म-मृत्यूंच्या नोंदीतून) आयुर्मान राज्यपातळीवर मिळतं, तालुक्याचं नाही. म्हणून साक्षरतेसारखे जनगणनेतले आकडे वापरावे लागतात, आणि जनगणना जुनी झाली की यादीही शिळी होते.

गोदाकाठ:
बस धावतेय म्हणजे काम झालं, असं धरायचं का?

उंटवाडीकर:
मुळीच नाही! मासिक अहवालात फेऱ्या आणि किलोमीटर भरतात, मुलगी शाळेत टिकली का ते त्यात दिसत नाही. शाळेची वेळ बदलली आणि आगाराला पत्रच गेलं नाही, तर गाडी रिकामी पळते. पाडा डांबरी रस्त्यापासून आत असेल तर थांब्यापर्यंतची पायपीट राहतेच, आणि सायकल घाटात ढकलावी लागते. दोन वर्षांपूर्वी आठवीच्या पटावर असलेल्या मुलींपैकी यंदा दहावीला किती बसल्या, ते शाळेकडे मागा. फक्त आश्रमशाळेत किंवा नाशिकच्या वसतिगृहात गेलेल्या मुली आधी वेगळ्या काढा, नाहीतर गळती फुगून दिसेल. दाखला कुठल्या शाळेसाठी नेला, हे जनरल रजिस्टरवरून कळतं.