मदत हवी आहे: हिरवा लेझर, द्राक्षाची पानं आणि न टिकणारं ६८५/७३५ गुणोत्तर

माळीबुवा: पानांतलं हरितद्रव्य लांबून मोजायची जुळणी केली आहे. लेझर पडल्यावर पान स्वतः जो मंद लाल उजेड सोडतं (फ्लुरोसन्स), त्याच्या ६८५ आणि ७३५ नॅनोमीटर (नॅमी) तरंगलांबीवरच्या वाचनांचं गुणोत्तर घेतो. ५३२ नॅमीचा साधा हिरवा लेझर (५० मिलिवॉट), पान ३ मीटरवर, ५० मिमी भिंग, मागे उजेड मोजणारे दोन फोटोडायोड. एकावर ६८५ चा १० नॅमी पट्ट्याचा फिल्टर. ७३५ साठी दुसऱ्यावर ७०० च्या पुढचं सगळं सोडणारा. मोजणी रात्री. एकाच पानावर दोन मिनिटांत ६८५ चं वाचन निम्म्यावर येतं, दुसरं जागचं हलत नाही. शिवाय पिवळट पानांचं गुणोत्तर जास्त येतं. हे उलटं नाही का?

किरणपट्टा: ६८५ उतरणारच. अंधारातल्या पानावर उजेड पडला की फ्लुरोसन्स आधी उसळतो, मग काही मिनिटांत खाली स्थिरावतो (काउट्स्की परिणाम). पण मग ७३५ नेही साधारण तसंच उतरायला हवं. ते ढिम्म आहे, म्हणजे तिथे दिसतोय तो फ्लुरोसन्स नव्हेच. या लेझरच्या आत ८०८ चा डायोड असतो, त्यावर १०६४ तयार होतं आणि त्याचं ५३२ होतं. स्वस्त मालात अवरक्त अडवणारी काच नसते, मग ८०८ सुद्धा बाहेर पडतं. पान ते भरपूर परावर्तित करतं आणि फ्लुरोसन्स म्हणजे शोषलेल्या उजेडाच्या जेमतेम १-२ टक्के!

पानाच्या जागी टेफ्लॉनची पांढरी पट्टी धरा. दोन्ही वाचनं शून्याजवळ हवीत. दुसरं वर राहिलं तर लेझरच्या तोंडाशी अवरक्तरोधक फिल्टर लावून पाहा. तरीही उतरलं नाही तर ५३२ च फिल्टरमधून गळतंय. आणि ७०० चा फिल्टर काढून ७३५ चा १० नॅमीचा घ्याच. डोळे वाचवायचा लेझर-चष्मा तपासा, ५३२ चा चष्मा ८०८ अडवेलच असं नाही.

पानपारखी: पिवळ्या पानाचं बरोबर आहे. ६८५ चा उजेड हरितद्रव्य स्वतःच परत शोषतं, ७३५ चा फारच थोडा. द्रव्य घटलं की गुणोत्तर चढतं. गडद पानांत मात्र वक्र सपाट होतो, तिथे बारीक फरक शोधू नका. वेलीवरचं त्याच क्रमांकाचं पान घ्या, लेझर लावल्यावर दर वेळी ठरलेल्या मिनिटाला वाचा, आणि थोड्या पानांचं हरितद्रव्य ८० टक्के ॲसिटोनमध्ये काढून मोजा आणि गुणोत्तरावरून हरितद्रव्य सांगणारा मापनवक्र बसवा. नत्र कमी की लोह, हे यातून कळणार नाही. त्याला देठ परीक्षणच (पानाच्या देठातल्या अन्नद्रव्यांची तपासणी).

माळीबुवा: टेफ्लॉनवर ६८५ शून्य, दुसरं पानापेक्षाही जास्त. लेझरपुढे अवरक्तरोधक काच लावायची तर तिरपी की सरळ?

किरणपट्टा: किंचित तिरपी. सरळ लावली तर परावर्तन लेझरमध्ये परत शिरतं आणि त्याची शक्ती डळमळते.