स्पेशल प्रीस्कूलमधून किंडरगार्टनमध्ये जाताना (न्यू जर्सी) – सल्ला हवा आहे

मधुमालती | १२ फेब्रुवारी

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीत राहतो. मुलगा एप्रिलमध्ये ५ वर्षांचा होईल. अडीच वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता म्हणून अर्ली इंटरव्हेन्शन (तीन वर्षांखालच्या मुलांसाठीची सरकारी मदत) सुरू केलं. तिसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास डिस्ट्रिक्टने (इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेने) आयईपी, म्हणजे मुलाला शाळेत कुठली मदत मिळेल याचा लेखी आराखडा, केला आणि तेव्हापासून तो सरकारी शाळेतल्या स्पेशल प्रीस्कूलमध्ये जातो. वर्गात ८ मुलं, एक टीचर, दोन एड (मदतनीस). आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी, एकदा ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं जमावीत म्हणून). तिथे तो खरंच फुलला. आता तीन-चार शब्दांची वाक्यं बोलतो, घरी मराठीत आणि शाळेत इंग्रजीत.

सप्टेंबरमध्ये किंडरगार्टन. केस मॅनेजरचं पत्र आलंय की री-इव्हॅल्युएशन (पुन्हा तपासणी) करायचंय, संमतीची सही द्या. फोनवर त्या म्हणाल्या, प्रगती इतकी छान आहे की कदाचित पुढे आयईपीची गरजच पडणार नाही. हे ऐकल्यापासून मला झोप नाही. शेजारच्या मुलीच्या किंडरगार्टनच्या वर्गात २२ मुलं आहेत. आमचा मुलगा गोंगाट वाढला की कानांवर हात ठेवून टेबलाखाली जातो. डब्याचं झाकण त्याला उघडत नाही. शू लागली तर आयत्या वेळी सांगतो.

सही करावी का? साधा वर्ग मागावा की वेगळा? एक वर्ष उशिरा घालावं का? आणि घरी आता फक्त इंग्रजी बोला असं दोघांनी सुचवलंय. सासूबाई पुण्याहून रोज व्हिडिओ कॉल करतात, त्यांना काय सांगू?

पाऊलवाट | १२ फेब्रुवारी

मधुमालती, आम्ही ३ वर्षांपूर्वी नेमके याच पत्रावर अडकलो होतो. आधी श्वास घ्या. ते पत्र तुमच्या मुलामुळे आलेलं नाही, ते सगळ्यांनाच येतं. न्यू जर्सीत 'प्रीस्कूल चाइल्ड विथ अ डिसॅबिलिटी' हे वर्गीकरण फक्त ३ ते ५ वयासाठी आहे. प्रीस्कूलच्या शेवटच्या वर्षी ३० जूनच्या आत पुन्हा तपासणी करून, मूल अजून पात्र असेल तर, दुसऱ्या एखाद्या वर्गीकरणात घ्यावं लागतं. अपंग मुलांच्या शिक्षणाचा केंद्राचा कायदा, म्हणजे आयडिया, राज्यांना 'डेव्हलपमेंटल डिले' (विकासात मागे) ही ओळख वयाच्या नवव्या वर्षापर्यंत वापरायची मुभा देतो. त्यामुळे दुसऱ्या राज्यातले मित्र म्हणतील, आमच्याकडे असं काही झालं नाही. त्यांचं खरं आहे, पण ते इथे लागू नाही.

सही करा. तपासणीच झाली नाही तर मुलाची गरज कागदावर येणार कशी? पण सहीसोबत एक पत्र जोडा: कुठल्या तपासण्या करणार ते कळवा, स्पीच आणि ओटी दोन्ही हवं, आणि मुलाला एकदा मोठ्या, गजबजलेल्या वर्गात बसवून बघा. आठ मुलांच्या वर्गात तो शांत असतो, कारण तो वर्गच तशा मुलांसाठी बांधलेला आहे. तिथली प्रगती दाखवून मदत काढून घेणं म्हणजे चष्म्याने नीट दिसतंय म्हणून चष्मा काढून घेणं.

रिपोर्ट मीटिंगच्या किमान १० दिवस आधी तुमच्या हातात यायला हवेत, तो तुमचा हक्क आहे. नाही आले तर मीटिंग पुढे ढकला. निकाल पटला नाही तर डिस्ट्रिक्टच्या खर्चाने स्वतंत्र तपासणी मागता येते.

ध्वनी | १३ फेब्रुवारी

मी स्पीच थेरपिस्ट आहे, शाळांमध्येच काम करते. मधुमालती, कृपा करून मराठी बंद करू नका. दोन भाषांमुळे भाषेचा विकार होत नाही, आणि एक भाषा काढून घेतल्याने तो बराही होत नाही. तुटतो तो आजीशी असलेला धागा.

उलट तपासणीत मराठी वापरा. मुलाला जी भाषा येते तिच्यात, तिच्या आधारे त्याला पारखणं कायद्याने अपेक्षित आहे. फक्त इंग्रजी शब्द मोजले तर त्याचं निम्मं बोलणं मोजलंच जात नाही. आठवडाभर फ्रिजवर एक कागद लावा आणि तो जे म्हणतो ते जसंच्या तसं लिहा. 'आई पाणी दे', 'बस गेली', 'मला नको हे'. शेजारी इंग्रजी अर्थ लिहा आणि कागद तपासणाऱ्याला द्या. अशा कागदावरून मला जे कळतं ते तासाभराच्या टेस्टमधून कळत नाही. आणि तो दोन्ही भाषांत अडखळत असेल, तर अडचण इंग्रजी नवीन असण्याची नाही हेही त्यातून दिसतं. हा मुद्दा मीटिंगमध्ये फार उपयोगी पडतो.

घरातल्या कुणाला इंग्रजी कमी समजत असेल तर आधी कळवून दुभाषा मागा. तो शाळेनेच द्यायचा असतो.

सह्यकडा | १३ फेब्रुवारी

वर्गाबद्दल बोलतो, कारण तिथे आमची चूक झाली. आम्ही 'साधा वर्ग की वेगळा' एवढ्याच एका प्रश्नावर भांडलो आणि साधा वर्ग मिळाल्यावर पेढे वाटले. एडबद्दल विचारलं तर 'लागली तर देऊ' म्हणाले. आयईपीत एडचं नाव नव्हतं. ऑक्टोबरपर्यंत मुलगी दोनदा वर्गाच्या दारातून बाहेर निघून गेली. दुसऱ्या वेळी कस्टोडियनला (शाळेच्या सफाई कर्मचाऱ्याला) पार्किंग लॉटच्या दारापाशी सापडली. तो फोन आला तेव्हा मी ट्रेनमध्ये होतो. अजून आठवलं की हात गार पडतात.

म्हणून सांगतो, वर्गाचं नाव मागू नका, दिवस मागा. सकाळी बसमधून कोण उतरवेल? गोंगाट झाला तर तो कुठे जाईल, कोणासोबत? कॅफेटेरियात डबा कोण उघडून देईल? बाथरूमला कोण नेईल? प्रत्येक उत्तर आयईपीत हवं, किती वेळा आणि किती मिनिटं यासकट. शी-शू पूर्ण जमत नाही म्हणून शाळा नाकारू शकत नाही, तीही मदत लिहून घ्या. हे सगळं साध्या वर्गात दोन टीचर ठेवून होत असेल तर उत्तमच. कायद्याचा कलही मुलाला शक्य तेवढं इतर मुलांसोबत ठेवण्याकडेच आहे. होत नसेल तर काही तास छोट्या वर्गात जाण्यात कमीपणा नाही.

आणि हे ठळक लक्षात ठेवा: न्यू जर्सीत पहिल्या आयईपीला तुमची सही लागते, नंतरच्यांना नाही. नवा आयईपी हातात पडल्यापासून १५ दिवस तुम्ही काही केलं नाहीत तर तो लागू होतो. त्या १५ दिवसांत मीडिएशन (मध्यस्थी) किंवा ड्यू प्रोसेस (औपचारिक सुनावणी) मागितलं तर वाद मिटेपर्यंत जुना आयईपी सहसा चालू राहतो. 'आम्हाला पटलं नाही' एवढा ईमेल पुरत नाही.

स्पॅन नावाची पालकांची संस्था आपल्या राज्यात मोफत मदत करते. आधीच फोन करा.

रानजाई | १५ फेब्रुवारी

वर्षभर थांबवण्याबद्दल: मी टेक्ससमध्ये आहे (इथे आयईपी मीटिंगला एआरडी म्हणतात), म्हणून न्यू जर्सीच्या नियमांवर बोलत नाही. पण थांबवलंत तर ते वर्ष डिस्ट्रिक्ट कुठल्या सेवा देणार हे लेखी विचारा. घरी बसून गेलेलं वर्ष आमच्या मुलाला महागात पडलं.

आणि एच-वन (वर्क व्हिसा) वाल्यांसाठी: नोकरीमुळे राज्य बदललं तर नव्या डिस्ट्रिक्टला त्यांची तपासणी होईपर्यंत जुन्या आयईपीसारख्याच सेवा द्याव्या लागतात. मूळ प्रत हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात नाही.

मधुमालती | ५ जून

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मीटिंग झाली. फ्रिजवरचा कागद नेला होता, ६१ वाक्यं झाली होती. सायकॉलॉजिस्टने तो दोनदा वाचला आणि प्रत मागून घेतली. 'कम्युनिकेशन इम्पेअरमेंट' (बोलण्या-भाषेतली अडचण) या वर्गीकरणाखाली पात्र ठरवलंय. साधा वर्ग, सोबत स्पेशल एज्युकेशन टीचर, स्पीच दोनदा, ओटी एकदा. जेवणाच्या वेळी आणि बाथरूमसाठी एड पहिल्या मसुद्यात नव्हती. सह्यकडा, तुमचा प्रतिसाद छापून नेला होता, त्यातले प्रश्न एकेक करून विचारले. शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचेस्तोवर त्यांनीच लिहायला घेतलं होतं.

ध्वनी | ५ जून

फार बरं वाटलं! उन्हाळ्यात शाळेच्या मैदानावर खेळायला न्या. दार, बाथरूम, कॅफेटेरिया यांचे फोटो मागून घ्या आणि त्यांचं छोटं पुस्तक करून रोज झोपताना मराठीत वाचा. जेवणाची तालीम घरीच करा, शाळेत नेणार तोच डबा, तेच झाकण.

मधुमालती | २४ सप्टेंबर

पहिल्या आठवड्यात तीनदा टेबलाखाली गेला. दुसऱ्या आठवड्यात एकदा. टीचरने त्याला लाल कार्ड दिलंय, ते वर केलं की एडसोबत वाचनाच्या कोपऱ्यात पाच मिनिटं. काल त्याने ते स्वतःहून वर केलं.

थर्मासचं झाकण अजून अर्धंच फिरतं, उरलेलं एड फिरवते. पण आज व्हिडिओ कॉलवर त्याने आजीला झाकण फिरवून दाखवलं आणि म्हणाला, "आजी, वरण आत आहे." आजीने तिकडे पदर डोळ्याला लावला.

बसचा एक प्रश्न राहिलाय, परतीच्या वेळी तो झोपतो आणि ड्रायव्हरला उठवता येत नाही. त्याबद्दल उद्या सविस्तर लिहिते. बसचीही मदत आयईपीत घालता येते का, कोणी घातली असेल तर सांगा.