रंगीत काचांचा चष्मा दिवसभर वापरावा का? (अर्धशिशी, ट्यूबलाइट आणि समोरचा सूर्य)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी सांगलीत राहतो आणि नोकरीसाठी रोज दुचाकीने मिरजेला जातो. हा रस्ता ज्यांच्या पायाखालचा आहे त्यांना ठाऊक असेल की सकाळी जाताना सूर्य समोर असतो आणि संध्याकाळी परतताना तो पुन्हा समोरच येऊन बसलेला असतो. मला गेली सात-आठ वर्षे अर्धशिशीचा त्रास आहे. चष्म्याचा नंबर उणे पावणेतीन असून थोडा सिलिंडरही (डोळ्याच्या असमान वक्रतेसाठीचा नंबर) आहे. काम हिशेबाचे, म्हणजे दिवसभर संगणक आणि पावत्या, आणि डोक्यावर जुन्या पद्धतीच्या चार ट्यूबलाइट.

दोन महिन्यांपूर्वी मी नंबरच्याच चष्म्याला ‘८५ टक्के’ करडा टिंट करून घेतला. काच जितकी गडद तितका डोळा सुरक्षित, असे दुकानदाराने सांगितले होते. पहिला आठवडा डोळ्यांवर ओला रुमाल ठेवल्यासारखे वाटले, म्हणून तोच चष्मा मी कार्यालयातही वापरू लागलो. आता मात्र अवस्था अशी आहे की डोकेदुखी कमी झालेली नाहीच, उलट घरी चष्मा काढला की स्वयंपाकघरातला साधा दिवाही डोळ्यांत घुसतो, आणि छापील पावत्यांवरील तीन आणि आठ हे आकडे दोनदा पाहून खात्री करावी लागते. दुकानदार आता संध्याकाळच्या प्रवासासाठी पिवळ्या काचा सुचवतो आहे. रंगीत काचेने डोळ्यांना खरोखर आराम मिळतो का, मिळत असेल तर कोणत्या रंगाने, आणि माझे नेमके काय चुकले, हे जाणकारांनी सांगावे.

नेत्रमापक

मी गेली एकोणीस वर्षे डोळे तपासून नंबर काढण्याचे काम करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. आधी एक पथ्याची गोष्ट. प्रकाश सहन न होण्याबरोबर डोळा लाल होत असेल, दुखत असेल, त्रास एकाच डोळ्याला असेल किंवा अचानक सुरू झाला असेल, तर टिंटचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. बुबुळाला ओरखडा गेला असेल किंवा डोळ्याच्या आत दाह असेल, तर त्यावर काचेचा रंग हा उपाय नव्हे.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळतो. दुकानात ‘८५ टक्के टिंट’ म्हणतात, तेव्हा काच ८५ टक्के प्रकाश अडवते आणि १५ टक्के आत सोडते असा त्याचा अर्थ असतो. मे महिन्याच्या भर दुपारी उघड्यावर प्रकाश सुमारे एक लाख लक्स (उजेड मोजण्याचे एकक) असतो. त्याचे १५ टक्के म्हणजे १५ हजार लक्स, आणि हा उजेड अजूनही भरपूर आहे. बऱ्यापैकी उजळ कार्यालयात मात्र मेजावर साधारण ४०० लक्स मिळतात. त्याच काचेतून त्यातले ६० उरतात. म्हणजे तुम्ही आठ तास जिन्यातल्या उजेडात बसून पावत्या वाचत आहात.

एवढ्या कमी उजेडात डोळ्याची बाहुली मोठी होते. बाहुली जितकी मोठी, तितकी नंबरातली बारीकशी त्रुटी आणि सिलिंडरचा उरलेला दोष अधिक जाणवतो, कारण छायाचित्रकार ज्याला फोकसची खोली म्हणतात ती कमी होते. तुमचे तीन आणि आठ तिथेच हरवत आहेत. दुसरे असे की दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला प्रकाश टिपणारा पडदा, सभोवतालच्या उजेडाशी जुळवून घेते आणि अंधाराला पूर्ण सरावायला त्याला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. दिवसभर काळोखाची सवय लावलेल्या डोळ्याला संध्याकाळी उघडा दिवा दाखवला की तो दिपणारच. प्रकाशाचा त्रास असणाऱ्यांनी घरात गडद चष्मा लावू नये असे आम्ही वारंवार सांगतो ते यासाठी. ही सवय एका दिवसात तोडू नका. दोन-तीन आठवड्यांत, आधी फिकट काच आणि मग साधी काच, अशी उतरती ठेवा.

गडद म्हणजे सुरक्षित, हा समज तर मुळातच चुकीचा आहे. अतिनील किरण अडवणे हे काचेच्या पदार्थाचे किंवा त्यात मिसळलेल्या द्रव्याचे काम आहे, रंगाचे नव्हे. पॉलिकार्बोनेटची अगदी पारदर्शक काचही हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते. याउलट अतिनील संरक्षण नसलेला स्वस्त काळा गॉगल बाहुली मोठी करतो आणि त्या मोठ्या झालेल्या दारातून नको ते किरण आत जाऊ देतो. दुकानात ‘यूव्ही ४००’ आहे का ते विचारा, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतच्या तरंगलांबीचे किरण अडतात का ते कळेल, आणि शक्य असल्यास मीटरवर मोजून घ्या. त्याला अर्धा मिनिटही लागत नाही.

गॉगलच्या काचांचे आंतरराष्ट्रीय मानकानुसार ० ते ४ असे पाच गट पडतात. भर उन्हासाठीचा तिसरा गट ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडतो आणि तुमची काच त्यात बसते. चौथा गट केवळ ३ ते ८ टक्के सोडतो. तो हिमशिखरांवर किंवा समुद्रावर वापरायचा, त्याने वाहन चालवायचे नाही. तिन्हीसांजेपासून पुढे तर ७५ टक्क्यांहून कमी प्रकाश सोडणारी कोणतीही काच रस्त्यावर नको. यावरून तुमच्या परतीच्या प्रवासात काय होत असेल ते ताडून पाहा.

रंगाविषयी थोडक्यात सांगायचे तर करडी काच सगळे रंग सारखेच मंद करते, म्हणून रंगांचा तोल बिघडत नाही. तपकिरी काच निळा प्रकाश अधिक कापते, त्यामुळे उन्हात कडा ठसठशीत दिसतात, पण पांढरे पांढरे राहत नाही. हिरवट काच या दोहोंच्या मधली.

मोरपीस

मला पंधराव्या वर्षापासून अर्धशिशी आहे, म्हणून नेत्रमापक यांनी ज्याला हात घातला नाही त्या गुलाबी काचेविषयी लिहिते. तिचे नाव एफएल-४१. मूळ विचार ट्यूबलाइटच्या प्रकाशाचा त्रास होणाऱ्यांसाठी होता. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे अर्धशिशी असणाऱ्या मुलांवर तिचा प्रयोग झाला आणि तो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना गुलाबी आणि काहींना तितकीच गडद निळी काच दिली होती. सुरुवातीला दोन्ही गटांना बरे वाटले, परंतु चार महिन्यांनी सुधारणा टिकली ती गुलाबी गटातच, आणि त्या मुलांच्या डोकेदुखीचे महिन्याचे प्रमाण सरासरी ६.२ वेळांवरून १.६ वर आले होते. गट लहान होता, तेव्हा त्यावर इमले बांधू नयेत. मला त्यातली निळ्या काचेची हकिगत अधिक बोलकी वाटते, कारण नव्या चष्म्याचे पहिले काही दिवस कोणत्याही रंगाचे बरेच जातात. आपला ‘ओल्या रुमालाचा’ आठवडाही त्यातलाच असावा.

ही काच सुमारे ४८० ते ५२० नॅनोमीटरच्या निळ्या-हिरव्या पट्ट्यातला प्रकाश कमी करते. दृष्टिपटलातील काही पेशी चित्र पाहण्यासाठी नसून केवळ उजेड किती आहे ते मेंदूला कळवण्यासाठी असतात, आणि त्यांची संवेदनशीलता ४८० च्या आसपास सर्वाधिक असते. प्रकाशाने अर्धशिशी बळावते त्यात या पेशींचा हात आहे असे मानले जाते. म्हणजे इथे सगळा उजेड न कापता त्यातला नेमका टोचणारा भाग कापायचा असतो, म्हणूनच घरात वापरायची ही काच बरीच फिकट ठेवता येते.

माझा अनुभव सांगते. झटके थांबले नाहीत, परंतु ट्यूबलाइटखाली दुपारी चारनंतर कपाळावर जो ताण चढत असे तो उतरला. त्याची किंमत रंगांत मोजावी लागली. साडीच्या दुकानात मोरपिशी म्हणून हौसेने उचललेले कापड चष्मा काढल्यावर मोरपिशीच निघाले हे खरे, पण चष्म्यातून ते आणि शेजारचे राखी रंगाचे कापड मला सख्ख्या बहिणी वाटत होते. रंगांशी काम असेल तर हे आधी आजमावून घ्या.

आणखी एक. जुन्या, लोखंडी चोकच्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण अनेकांचे डोके ते ओळखते. इलेक्ट्रॉनिक चोकमध्ये ही लुकलुक फार जलद होते, त्यामुळे त्रास कमी होतो. चष्मा बदलण्याआधी कार्यालयाला चोक बदलायला लावा, तो उपाय कमी खर्चाचा आहे.

घाटवळण

तीस वर्षे रात्रीची वाहने चालवली आहेत, तेव्हा पिवळ्या काचेवर बोलण्याचा माझा हक्क आहे असे समजतो. पिवळ्या काचेतून जग उजळ भासते, पण ते भासणेच असते. काच प्रकाश वाढवू शकत नाही, कमीच करते. अमेरिकेत बॉस्टनच्या संशोधकांनी २२ जणांना वाहन चालवण्याच्या सिम्युलेटरवर बसवून पाहिले आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. पिवळ्या काचेमुळे रात्री पादचारी लवकर दिसत नाही, आणि समोरच्या दिव्यांनी दिपण्याचा परिणामही कमी होत नाही. माझ्या पाहण्यात रात्रीच्या झगझगाटाची कारणे बहुतेक वेळा साधीच निघाली आहेत : ओरखडे पडलेली काच, तेलकट फडक्याने पुसलेला चष्मा, जुना झालेला नंबर.

आता तुम्हाला एक प्रश्न. तुमच्या हेल्मेटची पुढची काच कोणती आहे? धुरकट असेल तर हिशेब गुणाकाराचा होतो, बेरजेचा नाही. व्हायझर निम्मा प्रकाश सोडत असेल आणि चष्मा १५ टक्के, तर डोळ्यांपर्यंत साडेसात टक्के पोहोचतात. म्हणजे वर सांगितलेला चौथा गट, जो वाहन चालवताना वर्ज्य आहे.

समोरच्या सूर्याला पोलराइज्ड काच हे उत्तर आहे असेही कोणी सांगेल. ओल्या रस्त्यावरून किंवा गाडीच्या टपावरून उसळून येणारी चकाकी ती फार सुरेख कापते, कारण आडव्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश मुख्यत्वे आडव्या दिशेने कंप पावतो आणि काच तीच दिशा अडवते. थेट सूर्याचा प्रकाश असा एका दिशेचा नसतो, त्यामुळे त्याच्यापुढे ही काच साध्या गॉगलइतकीच उपयोगी. शिवाय काही मोबाइल आडवे धरले की पडदा काळाठिक्कर दिसतो, त्याने घाबरू नका. क्षितिजाजवळ खाली आलेल्या सूर्याला अडवायला व्हायझरवरची छोटी झडप काचेहून बरी.

आजीचा नातू

थोडे अवांतर वाटेल, पण विषय हाच आहे. आजीच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यावर ती म्हणू लागली की माझे पांढरे लुगडे उजव्या डोळ्याने निळसर दिसते आणि डाव्याने ताकात बुडवल्यासारखे. वयाबरोबर डोळ्यातले भिंगच पिवळे पडत जाते, म्हणजे निसर्गाने केलेला टिंटच तो, असे डॉक्टरांनी समजावले. डावा डोळा व्हायचा राहिला होता तोवर तिला रस्ता ओलांडताना रिक्षांचा अंदाज येत नसे. याचे एक कारण असे असू शकते की ज्या डोळ्यात प्रकाश कमी पोहोचतो त्याचा संदेश मेंदूकडे किंचित उशिरा जातो, आणि हलत्या वस्तू आहेत त्याहून जवळ किंवा दूर भासतात. कार्ल पुल्फ्रिख या जर्मन शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये याचे स्पष्टीकरण मांडले, आणि गंमत अशी की त्याला स्वतःला एकाच डोळ्याने दिसत असल्यामुळे हा परिणाम पाहता येत नव्हता. दोन काचांचा टिंट कमी-अधिक झाला असेल तर चष्मा परत करा, एवढेच मला म्हणायचे आहे.

मूळ प्रश्नाला जोडून विचारतो : उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा यांना चालतील का?

नेत्रमापक

त्या फोटोक्रोमॅटिक काचा. त्यांच्यातील रंगद्रव्य मुख्यतः अतिनील किरणांनी जागे होते. हेल्मेटचा व्हायझर तेच किरण अडवतो, त्यामुळे ऐन समोरच्या सूर्यात, जिथे यांना गरज आहे तिथेच, त्या फिकट राहतील. मोटारीतही तोच अनुभव येतो. दुसरे, उष्णतेने या काचा कमी गडद होतात, म्हणून सांगलीच्या मे महिन्यापेक्षा महाबळेश्वरच्या डिसेंबरात त्या अधिक काळ्या दिसतील. पायी फिरणाऱ्याला त्या सोयीच्या आहेत, यांना नाहीत.

संगणकासाठी कोणी निळ्या प्रकाशाचे कोटिंग सुचवील म्हणून आधीच सांगतो. २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने घेतला, त्यात अशा काचांनी डोळ्यांचा थकवा निदान अल्प मुदतीत कमी होतो असे आढळले नाही. संगणकापुढे आपण पापण्या कमी लववतो आणि डोळे कोरडे पडतात, चुरचुर त्याची असते. परावर्तनरोधी कोटिंग मात्र जरूर घ्या, विशेषतः काचेच्या आतल्या बाजूला. गडद काचेत समोरचा उजेड मंदावतो, त्यामुळे पाठीमागच्या ट्यूबलाइटचे आतल्या पृष्ठभागावरचे प्रतिबिंब अधिकच टोचते. घाटवळण यांचा व्हायझरचा प्रश्न मला सुचायला हवा होता.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला महिना लागला, कारण आधी करून पाहावे आणि मग लिहावे असे ठरवले होते. व्हायझर धुरकटच होता. हेल्मेटबरोबर तो तसाच आला होता आणि त्याच्याकडे माझे कधी लक्षच गेले नव्हते. आता पारदर्शक बसवला आहे. नंबर पुन्हा तपासला, तेव्हा सिलिंडरचा अक्ष दहा अंशांनी फिरलेला निघाला. कार्यालयात साधी काच, परावर्तनरोधी कोटिंगसह, वापरतो. सवय मोडताना पहिले दहा दिवस जड गेले, स्वयंपाकघरातल्या दिव्याकडे मात्र आता डोळे किलकिले न करता पाहता येते.

अर्धशिशीचे म्हणाल तर दिनदर्शिकेवर दुधाच्या खाड्यांशेजारी फुल्या मारणे सुरू केले आहे. गेल्या महिन्यात पाच, त्याआधीचा हिशेब ठेवलेला नाही, म्हणून तुलना करता येत नाही. चोकसाठीचा अर्ज साहेबांच्या मेजावर आहे. गुलाबी काचेचे मेंदूविकारतज्ज्ञांना भेटल्यावर ठरवीन. करडा चष्मा गाडीच्या डिकीत असतो आणि दुपारी बँकेत जायचे असेल तेवढ्यापुरता बाहेर निघतो.